कोंबडा, पाण्याची टाकी आणि शेवटची नऊ मिनिटं

बीदर शहरात ब्याण्णव ते दोन हजार पाच या काळात कोणता इंग्रजी बँड चांगला आणि कोणता भिकार, हे मी ठरवत होतो. मला कुणी नेमलं नव्हतं. पण दुसरं कुणी ते ठरवायला तयार नव्हतं, आणि इंग्रजी रॉकच्या कॅसेटी भरून देणारं दुकान गावात एकच होतं, ते माझं. त्यामुळे मी ज्याला चांगलं म्हणेन ते बीदरमध्ये चांगलं, आणि मी नाक मुरडलं की त्या बँडचा बीदरपुरता कारभार आटोपला. विलायतेत त्यांचे लाखो चाहते असतील, असोत बापडे.

वडील मराठी शाळेत मास्तर होते. मी बी.ए.ला इंग्रजी घेऊन दोनदा आपटलो, तेव्हा त्यांनी चौबाऱ्याच्या बुरुजाजवळ एक गाळा घेऊन दिला आणि दुकानाला माझ्या आईचं नाव ठेवलं, सुमन म्युझिक सेंटर. पाटीवर वीणा काढलेली होती. त्या वीणेखाली बसून मी तेरा वर्षं लोकांच्या कानांवर गिटारी आदळल्या. आईनं एकदाच दुकानात येऊन पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, निदान पाटीवरून माझं नाव तरी काढ. ते काही मी काढलं नाही.

आता खरं सांगायचं तर पोट भजनांवर, कन्नड सिनेमाच्या गाण्यांवर आणि कव्वाल्यांवर भरायचं. रॉक हा माझा शौक. तो लावला डिसा साहेबांनी. ते गोव्याकडचे, हवाई दलात मेकॅनिक, बदलीवर बीदरला आलेले. एका रविवारी ते दुकानात आले, कव्वाली चालू होती ती थांबवायला सांगितली आणि खिशातली कॅसेट पुढे केली. चाळीस मिनिटांनी मी कामातून गेलो होतो. त्यांची बदली होईपर्यंत त्यांच्या पेटीतल्या साठेक कॅसेटी एकेक करून माझ्याकडे आल्या, आणि प्रत्येकीची प्रत मी ठेवून घेतली. कायद्याच्या दृष्टीनं ही चोरीच, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या बँडवाल्यांपैकी कुणी कधी बीदरला आला तर मी त्याला जेवू घालीन, असं मनाशी ठरवून मी तो विषय मिटवला होता.

नव्या पिढीला 'कॅसेट भरणे' म्हणजे काय ते सांगावं लागेल. दोन खणांचा डेक असतो. एका खणात गाणी असलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. एक वाजते, दुसरी ते टिपून घेते. साठ मिनिटांच्या कॅसेटीत प्रत्येक बाजूला अर्धा तास मावतो. डेकवर दुप्पट वेगानं भरायचं एक बटण असायचं, आणि बाकी सगळे दुकानदार तेच दाबत. मी ते कधी दाबलं नाही. घाईनं भरलं की झांजांचा आवाज मरतो, ड्रमवर कांबळं टाकल्यासारखं होतं. एक अल्बम भरायला मला पाऊण तास लागायचा आणि तो पाऊण तास मी ऐकत बसायचो. एकेक अल्बम मी शे-दीडशे वेळा असा ऐकलेला आहे. मोठ्या शहरातल्या इंग्रजी मासिकांतले समीक्षक दोनदा ऐकून लिहितात. कोणाच्या मताला वजन असावं ते वाचकांनीच ठरवावं.

अल्बमची नावं मी इथे देत नाही, कारण आमच्याकडे ती नावानं ओळखलीच जात नसत. गिऱ्हाइकांपैकी कुणी कन्नड वाचणारं, कुणी मराठी, कुणी उर्दू. त्यात कव्हराची काळीपांढरी झेरॉक्स. मग चित्रावरून नाव पडायचं. मोटारीच्या टपावर कोंबडा उभा आहे तो 'कोंबडा'. माळावर पाण्याची उंच टाकी आहे ती 'पाण्याची टाकी'. लोक येऊन सरळ म्हणायचे, अण्णा, एक कोंबडा द्या.

कोंबडा हा जगातला सर्वोत्तम अल्बम आहे, यावर मी आजही वाद घालायला तयार आहे. तिघांचा बँड. गाणारा सुरात नाही, गिटारवाला आगाऊ, पण ड्रमवाला म्हणजे सोनं. माझं सरळ मत असं की रॉकमध्ये गिटारवाल्याला फुकटचा मान मिळतो. वरातीत नाचणारे सगळ्यांना दिसतात, वरात चालवणारा वाजंत्री कुणाला दिसत नाही. दुसरं मत असं की अल्बमची पहिली बाजू विकण्यासाठी असते आणि दुसरी बँडच्या मनाची. ज्याला दुसरी बाजू आवडत नाही त्याला तो बँडच आवडत नाही, फक्त ते पहिलं गाणं आवडतं.

उलट पाण्याची टाकी. पाच जण, आणि पाचांतला एकही दुसऱ्याचं ऐकत नाही. शेवटी पियानो, त्यावर देवळातल्यासारखी एक घंटा, आणि संपलं. डिसा साहेबांकडच्या जुन्या विलायती मासिकात याला पाचपैकी पाच चांदण्या दिल्या होत्या आणि लिहिलं होतं की हा 'परिपक्व' अल्बम आहे. परिपक्व! संगीत पिकतं की काय? समीक्षकाला आवाजाबद्दल काही सांगता येत नसलं की तो हा शब्द काढतो, असं माझं ठाम मत झालं, आणि तो शब्द मी स्वतः कधी वापरायचा नाही असं ठरवलं.

कारण मीही समीक्षा लिहायचो. प्रत्येक कॅसेटीत माझ्या हातची चिठ्ठी असायची, मराठीत, दोन-तीन ओळींची. 'पहिलं गाणं सोडून द्या, दुसऱ्यापासून माणूस जागा होतो.' 'गाणाऱ्याचं लग्न मोडलं आहे, त्याला काही करता येणार नाही.' चांदण्या मी कधी दिल्या नाहीत. माझी चांदणी वेगळी होती. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटीवर पुन्हा काही भरता येत नाही, आहे ते कायम. आम्ही त्याला जीभ म्हणायचो. अल्बम चांगला असेल तर मी गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हरनं जीभ मोडून द्यायचो. नसेल तर तशीच ठेवायचो, म्हणजे कंटाळा आला की पुसून दुसरं काही भरा. गिऱ्हाइकं कव्हर नंतर बघायची, आधी विचारायची, जीभ मोडली का? बिनमोडीच्या कॅसेटी पुष्कळदा परत यायच्या. त्या बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात पडायच्या, आणि पुन्हा भरून काटकसरी गिऱ्हाइकांना जायच्या.

माझी सगळीच मतं बरोबर निघाली असं नाही. तेव्हा घरोघर केबल आली होती आणि लग्नातसुद्धा काहीतरी इंग्रजी वाजायला हवं असं लोकांना वाटायला लागलं होतं. भालकीकडच्या एका नवरदेवाचा मामा वरातीसाठी दणकेबाज इंग्रजी मागायला आला. मी त्याला अकरा मिनिटांचं माझं लाडकं गाणं दिलं. ते पुढे जो दणका देतं तसा मी दुसरा ऐकला नाही. पण सुरुवातीची चार मिनिटं नुसती एक गिटार हळूहळू रडते, हे सांगायचं राहिलं. वरात भर रस्त्यात चार मिनिटं उभी. घोड्यावर नवरदेव, खाली माना घातलेले नाचणारे. शेवटी पलीकडच्या घरातले एक बुजुर्ग बाहेर आले आणि आदबीनं विचारते झाले, "क्या जी, कोई गुजर गए क्या?" मामा कॅसेट माझ्या तोंडावर फेकून गेला. गाण्याबद्दलचं माझं मत त्यामुळे बदललं नाही, वरातीबद्दलचं बदललं.

मात्र माझ्या मताला खरी टक्कर देणारं गिऱ्हाईक एकच, कमलबाई. मन्नाएखेळ्ळीच्या शाळेत गणित शिकवायच्या, वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसनं बीदरला यायच्या, भाजी घ्यायच्या आणि एक रॉकची कॅसेट घ्यायच्या. नेहमी डब्यातली, पुन्हा भरलेली. त्यांना इंग्रजी शब्दांशी देणंघेणं नव्हतं. वह्या तपासताना त्या गाणी लावायच्या, आणि त्यांची कसोटी अशी की लाल पेन थांबलं तर गाणं चांगलं. कोंबड्याला त्यांचं पेन थांबलं नव्हतं. मी त्यांना समजावून सांगितलं, ड्रमवाल्याबद्दल सांगितलं, चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली. त्या म्हणाल्या, अण्णा, गणित बरोबर आहे पण उत्तर आवडलं नाही. मी ते बरेच दिवस मनात ठेवलं होतं.

आता नागनाथचं सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

सत्त्याण्णवचा उन्हाळा असावा. दुकानात कोंबडा लावला होता. बाहेर तेवीस-चोवीस वर्षांचा एक जण खांद्यावर सायकलची नवी ट्यूब अडकवून उभा होता. एक बाजू संपेपर्यंत तो हलला नाही. मग आत येऊन त्यानं विचारलं, "अण्णा, ह्यो ढोल किती जण वाजवायलेत?"

मी सांगितलं, एकच. तो म्हणाला, मग ह्याला तिसरा हात कुठनं आला? मी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून त्याला दाखवलं, की मोठा ढोल जमिनीवर आडवा असतो आणि तो पायानं वाजवतात. त्यानं चित्र नीट बघितलं, दुसरी बाजू लावायला सांगितली, आणि तिसऱ्या गाण्याला बोट वर केलं. "ह्यो मागं मागं ऱ्हायलाय बगा. मुद्दाम. गिटारवाल्याला फुडं जाऊ द्यायलाय."

हे मला कळायला चार वर्षं लागली होती. त्याला एका ऐकण्यात कळलं. मी त्याला चहा पाजला.

तो कमठाण्याचा, धनगराच्या घरातला. मेंढरं आजोबाच्या वेळीच गेली होती, आता थोडं शेत आणि बाकी मजुरी. पण गावच्या बिरप्पाच्या जत्रेत पहिला ढोल यांच्या घरचा, आणि तो त्याचे वडील शिवप्पा वाजवायचे. नागनाथ पुढचं वर्षभर दर आठवड्याला दुकानात आला. कॅसेट घ्यायचा नाही, घरी टेपच नव्हता. उभ्यानं ऐकायचा आणि एखादंच वाक्य बोलून जायचा. त्याच्या त्या वाक्यांतली अर्धी मी माझ्या चिठ्ठ्यांत माझी म्हणून वापरली, हेही सांगून टाकतो.

मग त्यानं स्वतःच एक बँड काढला. पॉलिटेक्निकमधला एक गिटारवाला, झांजांवर चुलतभाऊ आणि ढोलावर नागनाथ. कुणाचा तरी टेप मागून आणला आणि बिरप्पाच्या देवळाच्या पडवीत बसून साठ मिनिटांची एक कॅसेट भरली. अगदी शेवटच्या तुकड्याला शिवप्पा शेतातून आले, पोराच्या गळ्यातला ढोल काढून आपल्या गळ्यात अडकवला आणि ते वाजवायला लागले. ही कॅसेट नागनाथनं माझ्यापुढे ठेवली. प्रत दुसरी नव्हती. तो म्हणाला, "ऐका अण्णा. बरी वाटली तर जीभ मोडा."

मी ती हेडफोन लावून ऐकली. काय ऐकलं ते मला आज सांगता येतं, पण तेव्हा मी काय शोधत होतो तेही आठवतं. मी त्यात कोंबडा शोधत होतो. तो ठेका, ती शिस्त. इथे गिटार कच्ची, झांज मोठी, आणि शेवटच्या तुकड्यात तर म्हातारा दमला की काय, ढोल हळू होत होत जवळजवळ थांबतो, मग एकदम उचलतो. तिथे मी बटण बंद केलं आणि चिठ्ठी लिहिली. 'गिटार बरी. ढोल जत्रेत शोभेल. शेवटी ठेका ढासळतो. एकूण अपरिपक्व.'

हो, तोच शब्द. तेरा वर्षांत एकदाच वापरला, आणि तो इथे.

नागनाथ आला. आधी त्यानं कॅसेट उलटी करून जीभ बघितली, मग चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "व्हय अण्णा," एवढंच म्हणाला. मी कॅसेट पुढे सरकवली तर म्हणाला, "कामून न्हेऊ? घरी टेप न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." दसऱ्यानंतर तो हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर गेल्याचं कळलं. त्या वर्षांत आमच्याकडची बरीच पोरं तिकडे जात होती. मला जरा चुटपुट लागली, पण मत ते मत. बिनमोडीची कॅसेट दुकानाच्या नियमाप्रमाणे डब्यात गेली, आणि पुढे कधीतरी मीच ती पुन्हा भरली. कुणासाठी भरली ते लक्षात राहायचं कारण नव्हतं.

मग सीडी आल्या, एका सीडीत दीडशे गाणी आली, आणि त्यानंतर मोबाइलच्या नखाएवढ्या कार्डात सगळ्या जगाची गाणी मावायला लागली. माझं मत कुणी विचारेना. डेक कपडा टाकून मागे ठेवला आणि पुढे झेरॉक्सचं मशीन लावलं. पाटी मात्र तीच ठेवली. वीणेखाली आता रेशन कार्डाच्या प्रती निघायला लागल्या.

दोन हजार अकराच्या सुमारास नागनाथ त्याच मशीनसमोर येऊन उभा राहिला. कानशिलं पांढरी झाली होती. मी ओळखलं, उठून त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"अप्पा गेला, अण्णा. सा म्हैने झाले. जत्रा म्हैन्यावर आलीया. पैला ढोल आमच्या घरचा, पण अप्पाची चाल मला धड येत न्हाई. शिकायच्या वयात मी हैदराबादेत. औंदा चुकलो तर मान चुलत्याच्या घरी जातोय. आपल्या त्या कॅसेटीत अप्पाचा हात हाय. तेवढी द्या."

मी म्हणालो, शोधतो. खरं म्हणजे शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते मला त्याच क्षणी माहीत होतं. खरं तोंडातून निघेना म्हणून खोटं बोललो. तो आठ दिवसांनी पुन्हा आला. तेव्हा मी मशीन बंद केलं आणि सांगितलं की ती पुसली, मीच पुसली, वर दुसरं काहीतरी भरून विकली. मला वाटलं तो ओरडेल, आणि त्यानं ओरडावं असंही वाटत होतं. त्यानं फक्त विचारलं, "सगळी?"

मी म्हणालो, सगळीच असणार.

तो गेल्यावर तो 'सगळी' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आणि मग माझीच एक वाईट खोड मला आठवली. चांगला अल्बम भरून झाला आणि कॅसेटीत जागा उरली, तर मी तिथे आणखी दोन-तीन गाणी आपल्या पसंतीची घालून द्यायचो. वाईट अल्बमला मात्र मी ही मेहरबानी करत नसे. संपला रे संपला की बटण बंद. पुढची जागा पुसायचेही कष्ट घेत नसे. म्हणजे ती कॅसेट चांगल्या अल्बमखाली गेली असेल तर मेलीच. पण एखाद्या भिकार अल्बमखाली गेली असेल तर तिचं शेपूट जिवंत असू शकतं. आणि शिवप्पा शेवटीच वाजवायला आले होते.

डब्यातल्या कॅसेटी घेणारी गिऱ्हाइकं थोडी होती. एका वकिलांनी घर बांधताना सगळ्या फेकून दिल्या होत्या. एक कारकून बदलून कलबुर्गीला गेले होते, त्यांच्याशी फोनवर बोललो; त्यांच्या कॅसेटींच्या फिती नातवंडांनी ओढून पतंगांना लावल्या होत्या. राहिल्या कमलबाई. रविवारी नागनाथला घेऊन मी मन्नाएखेळ्ळीची बस पकडली. वाटभर मला एकच हिशेब दिसत होता, की तेरा वर्षं बरोबर ठरलेला माझा कान एकदा चुकला आणि त्यात एका घराचा मान जायला निघाला.

बाई निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवण्या चालू होत्या. ओसरीवर वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन. कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या, माझ्या चिठ्ठ्यांसकट. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, बाई, यातले वाईट अल्बम काढा.

"माझ्याकडे वाईट काही नाही," बाई म्हणाल्या. मी ट्रंकेत हात घालून पाण्याची टाकी काढली, तर त्यांनी ती माझ्या हातून घेतली. "हा तर सगळ्यांत चांगला. तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलंय बघा, 'दुसरी बाजू ऐकू नका'. अण्णा, ह्याचं शेवटचं गाणं तुम्ही ऐकलंच नसणार. तिथं माझं पेन थांबतं."

मी म्हणालो, बाई, शेवटी पियानो आहे आणि घंटा.

"घंटेनंतरचं म्हणते मी."

मी कॅसेट त्यांच्या हातून परत घेतली. त्यांचा टेप अजून चालत होता. मी दुसरी बाजू लावून पुढे पळवली. पियानो, मग ती घंटा. मग खट्ट असा आवाज, म्हणजे मी माझ्या डेकचं बटण कंटाळून बंद केलं तो क्षण. त्यापुढे दोन-तीन सेकंद नुसती खरखर, आणि ढोल.

नागनाथ ओसरीच्या पायरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला. नऊ मिनिटं होती. पूर्ण शेवटचा तुकडा, पहिल्या टिपरीपासून. मागे कुत्रं भुंकतं तेही त्यात होतं. मग ती जागा आली, जिथे ढोल हळू होतो. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं की इथे ठेका जरा... नागनाथनं हात वर करून मला थांबवलं.

"इथं पालखी पायऱ्या चढायलीय, अण्णा. बिरप्पाला तेरा पायऱ्या हायत, उंच. खांदेकरी दमत्यात. त्येंचा पाय पडल्याबगर ढोल पडत न्हाई. त्येंच्यासाठी थांबायलाय अप्पा."

मी म्हणालो, पण त्या दिवशी पालखी कुठे होती? तुम्ही तर पडवीत बसला होता.

"नव्हतीच की. अप्पाच्या हाताला दिसायलीय."

कोंबड्यातला ड्रमवाला गिटारवाल्यासाठी मागे राहतो, हे ज्याला एका ऐकण्यात कळलं, त्याच्याच बापाचं थांबणं मला ऐकू आलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाई वह्या बाजूला सारून बसल्या होत्या. नागनाथनं ती नऊ मिनिटं तीनदा ऐकली, बोटांनी गुडघ्यावर वाजवत. तिसऱ्यांदा पायऱ्यांच्या जागी त्याचं बोट बापाबरोबर थांबलं आणि बापाबरोबरच उचललं.

मी कॅसेट बाहेर काढली. पहिलं काम म्हणजे जीभ मोडायची, पुन्हा कुणाचा हात लागायला नको. स्क्रूड्रायव्हर नव्हता म्हणून किल्ली काढली आणि कॅसेट उलटी केली, तर जीभ आधीच मोडलेली होती. ती मी मोडलेली नव्हती. पाण्याच्या टाकीची जीभ मी जन्मात मोडली नसती.

"ती मी मोडली," बाई म्हणाल्या. "कंपासच्या टोकानं. भाचा त्याच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री भरायला निघाला होता. तुमची वाट बघत बसले असते तर झालंच होतं."

मूळ कॅसेट त्यांनी कायमची दिली नाही. भरून घ्या आणि माझी मला परत आणून द्या, म्हणाल्या. मी डेकवरचा कपडा काढला, फितीला टेकणारं त्याचं डोकं स्पिरिटनं पुसलं आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा एक कॅसेट भरली, साध्या वेगानं. त्यात चिठ्ठी घातली नाही.

जत्रेला मी आणि बाई दोघंही कमठाण्याला गेलो. चुलत्याच्या घरचा ढोल तयारीनं शेजारी उभा होता. पालखी निघाली, नागनाथनं टिपरी उचलली, आणि सगळे वाजतगाजत देवळाशी आले. पहिल्या पायरीला ढोल हळू झाला. खांदेकऱ्याचा पाय पडला, मग ढोल पडला. तेराव्या पायरीवर एका खांदेकऱ्याचा पाय जरा घसरला. ढोल तसाच अधांतरी थांबला, माणूस सावरला, आणि मग टिपरी खाली आली. ती थांबण्याची जागा कॅसेटीत नव्हती. चुलत्यानं आपला ढोल गळ्यातून उतरवून भिंतीला टेकवला.

नंतर प्रसादाला बसलो असताना मी धीर करून विचारलं, की नागनाथ, माझ्या त्या चिठ्ठीमुळे तू वाजवणं सोडलंस का? इतकी वर्षं ते ओझं मी वाहत होतो, आणि आता खरं सांगायचं तर त्या ओझ्याचा मला थोडा अभिमानही होता.

तो हसला. "न्हाई ओ अण्णा. पोटाला काम पायजे होतं म्हणून गेलो. तुमच्या चिठ्ठीनं कुणाचं पोट भरलंय, न्हाई तर कोण उपाशी ऱ्हायलंय?"

समीक्षकाची एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचली नाही. बाईंना ती फारच आवडली, त्या अजून मला ऐकवतात.

तरीही दिवाळी अंकात छापून येणार आहे म्हणून मी मतं मवाळ करणार नाही. कोंबडा हा जगातला सर्वोत्तम अल्बम आहे. गिटारवाल्यांना फुकटचा मान मिळतो. आणि पाण्याची टाकी हा अत्यंत भिकार अल्बम आहे, पाच चांदण्या कुणीही देवो. फक्त शेवटचं गाणं चुकवू नका.